मलेरियाचे एन्झाइम, नव्या औषधांच्या बातम्या आणि तुमच्या चौदा दिवसांच्या गोळ्या

‘मलेरियाच्या जंतूचे एन्झाइम अडवणारे औषध सापडले’ अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते. पावसाळ्यात पेण-रोह्याकडे थंडीतापाचे रुग्ण वाढले की हमखास विचारणा होते: डॉक्टर, मग या जुन्याच गोळ्या का देता?

एन्झाइम म्हणजे विकर, पेशीतली रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो, ते पचवायलाही त्याला स्वतःची एन्झाइम्स लागतात. त्याचे एखादे एन्झाइम बंद पाडायचे आणि आपल्या पेशींना धक्का लागू द्यायचा नाही, असा हा विचार आहे.

तो नवा नाही. फाल्सिपेरम मलेरियात आपल्याकडे आर्टेसुनेटबरोबर पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन देतात. ही जोडगोळी परजीवीची फोलेट बनवणारी दोन एन्झाइम्स अडवते. पण एन्झाइमची ठेवण जरा बदलली की औषध त्याला नीट चिकटत नाही. ईशान्य भारतात असेच झाले आणि २०१३च्या राष्ट्रीय धोरणात तिथले औषध बदलावे लागले.

बातमीवर लगेच विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. २००१ मध्ये बंगळूरच्या नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी दाखवले की साबण-टूथपेस्टमध्ये वापरले जाणारे ट्रायक्लोसान परजीवीचे चरबी तयार करणारे एक एन्झाइम अडवते. केवढी आशा निर्माण झाली होती! पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्या एन्झाइमचे जनुकच काढून टाकले, तरी परजीवी रक्तात मजेत वाढत राहिला. त्याला ते एन्झाइम यकृतातल्या अवस्थेत लागते, आणि ताप येतो तो रक्तातल्या अवस्थेत. संशोधन वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंतची वाट अशी असते.

परजीवीचे एक एन्झाइम मात्र आजच तुमच्या उपयोगी पडते. बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या किटमध्ये व्हायवॅक्सची रेघ उमटते ती त्याच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेजमुळे. गणपतीच्या कारखान्यात पाण्याच्या टाक्यांजवळ काम करणारे असोत, धाटावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारे असोत की वीटभट्टीवरून परतलेले कुटुंब असो, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी तपासणी करा. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. आधीच घरात पडलेली तापाची किंवा मलेरियाची गोळी घेऊन वाट पाहू नका.

रिपोर्टवर ‘पीव्ही’ म्हणजे व्हायवॅक्स आले, तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस असा कोर्स असतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि बरेच जण तिथेच गोळ्या सोडतात. हा परजीवी यकृतात झोपून राहतो, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतो आणि तोच ताप पुन्हा येतो. लोक म्हणतात, ‘परत डास चावला.’ बऱ्याचदा तो नवा डास नसतो, राहून गेलेला कोर्स असतो.

इथे तिसरे एन्झाइम येते, तेही तुमचे स्वतःचे. त्याचे नाव जी-सिक्स-पीडी. ते तांबड्या पेशींना जपते. काहींमध्ये ते जन्मतः कमी असते, पुरुषांमध्ये हे जास्त दिसते. अशा माणसाला प्रायमाक्विन दिले तर पेशी फुटू शकतात. म्हणून घरात कुणाला औषधानंतर कावीळ झाली असेल, लघवी काळपट झाली असेल किंवा रक्त चढवावे लागले असेल, तर गोळी सुरू होण्याआधी सांगा आणि जी-सिक्स-पीडीच्या तपासणीबद्दल विचारा. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत, त्यामुळे दिवस गेल्याची शंका असली तरी लपवू नका.

कोर्स चालू असताना लघवी कोकमाच्या सरबतासारखी किंवा काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा चार पावले चालून दम लागला, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. राहिलेल्या गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या.