आत्याबाईंचा महास्तूप



सातवाहनांची नावे आपल्या मुलांना शाळेत पाठ करावी लागतात. पण त्यांची सत्ता मोडल्यावर त्या मोठ्या राज्याचे तुकडे कोणाकोणाच्या हाती गेले, हे पुस्तकात दोन ओळींत उरकतात. कृष्णा नदीच्या खोऱ्यातला तुकडा इक्ष्वाकू घराण्याकडे गेला. राजधानी विजयपुरी, म्हणजे आजचे नागार्जुनकोंडा. इसवी सनाचे तिसरे शतक आणि चौथ्याचा आरंभ, अशी जेमतेम शंभर वर्षे आणि चार राजे. राज्य लहान होते, पण त्यांच्या काळातले दगड पुष्कळ बोलतात.

पहिला राजा वासिठीपुत चांतमूल. सातवाहनांत जसा गौतमीपुत्र, तसेच इथेही राजाच्या नावाआधी आईचे नाव लागते. हा राजा वैदिक यज्ञ करणारा. त्याने अग्निष्टोम, वाजपेय, अश्वमेध केले, कोट्यवधी सोन्याची नाणी, लाख गाई आणि लाख नांगर जमीन दान दिली, असे शिलालेख सांगतात. आकडे राजाच्या थाटाचे आहेत, ते जसेच्या तसे धरू नयेत!

आता त्याच घरातल्या बायका पाहा. चांतमूलची सख्खी बहीण चांतिसिरी. तिच्या भाच्याच्या, म्हणजे माठरीपुत वीरपुरिसदत राजाच्या सहाव्या राज्यवर्षी तिने विजयपुरीच्या महाचेतियाचे काम पुरे करवून घेतले आणि तिथे खांब उभे केले. हा स्तूप सुमारे 106 फूट व्यासाचा. आतल्या भिंती चाकाच्या आऱ्यांसारख्या बांधलेल्या, वरून पाहिले तर धम्मचक्रच. चार दिशांना चार ओटे आणि प्रत्येक ओट्यावर पाच खांब. बांधकामावर देखरेख करणारे भदंत आनंद हे दीघनिकाय व मज्झिमनिकाय जाणणारे होते, हेही लेखात कोरले आहे. बाकीच्या खांबांवर राजाच्या राण्यांची आणि घरातल्या इतर स्त्रियांची नावे आहेत.

या राजाने आत्याच्या मुली केल्या होत्या. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल होती, तिकडे ही. चांतिसिरी तर एका लेखात राजाला आपला जावई म्हणते आणि त्याला आयुष्य व विजय लाभो, असे लिहवून घेते. राजाची राणी भट्टिदेवा हिनेही विहार बांधला. राजाची लेक कोडबलिसिरी वनवासीच्या राजाला दिलेली, तिनेही माहेरी येऊन भिक्खूसंघासाठी विहार बांधला. एकीकडे यज्ञ, दुसरीकडे विहार, आणि घर एकच. यावरून नवरा-बायकोत भांडण होते असे मात्र समजू नये. लेखांत तसे काही दिसत नाही.

ही झाली राजघराण्याची गोष्ट. पण मला अधिक आवडते ती उपासिका बोधिसिरी. ती राणी नव्हे, गावातल्या गृहस्थाची सून. वीरपुरिसदताच्या चौदाव्या वर्षी तिने चुलधम्मगिरीवर तांबपण्णी म्हणजे सिंहलद्वीपाच्या थेरांसाठी चैत्यगृह बांधले. या थेरांनी कोणकोणत्या देशांना धम्माने प्रसन्न केले त्याची यादी तिने दिली आहे. त्यात काश्मीर, गंधार, चीन आहेत आणि आपले अपरांत, म्हणजे कोकणही आहे. पुढे तिच्या इतर दानांची यादी येते. एका ठिकाणी भिक्खूंसाठी एक खोली, दुसरीकडे तीन, आणखी एकीकडे सात. कुठे बोधिवृक्षाचे मंदिर, कुठे दगडी मंडप, कुठे तळे. हिशोब ठेवणाऱ्या बाईचे हे काम आहे.

आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. जग्गय्यपेटच्या स्तूपावर सिद्धत्थ नावाच्या कारागिराने त्याच राजाच्या विसाव्या वर्षी पाच खांब उभारले. हा हाताने काम करणारा माणूस. त्याचा बापही कारागीरच. त्याने दानात आई, बायको, मुले आणि भाऊ-भावजय यांनाही सामील केले, सगळ्यांची नावे दगडावर घातली. राजाचे वर्ष त्या लेखात केवळ तारखेपुरते येते.

पुढे पल्लवांचा जोर वाढला आणि हे घराणे संपले. विजयपुरी जंगलात बुडाली. 1926 साली ती पुन्हा नजरेस आली, 1927 ते 1931 लाँगहर्स्ट यांनी खोदकाम केले. महाचेतियात सोन्याच्या छोट्या डबीत अस्थीचा तुकडा मिळाला. तो आज सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात आहे.

मग आले धरण. 10 डिसेंबर 1955 रोजी नागार्जुनसागरची पायाभरणी झाली. खोरे पाण्याखाली जाणार म्हणून 1954 ते 1960 घाईने मोठे उत्खनन झाले. मुख्य वास्तूंपैकी काही दगड-विटांसह उचलून डोंगरमाथ्यावर नेल्या, काही अनुपूला. डोंगराचे आता बेट झाले आहे. तिथे नावेने जावे लागते. संग्रहालयात खांबांचे लेख पाहायला मिळतात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. पालीचा थोडा सराव असेल तर ‘उपासिका’ हा शब्द कानाला परका वाटणार नाही.