सतरा मते आणि एक प्रसिद्ध चेहरा

निवडणूक आली की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे एकाएकी दिसू लागतात. एक, ज्यांना आपण पाच वर्षे शोधत असतो ते लोकप्रतिनिधी; आणि दुसरी, ज्यांना आपण केवळ पडद्यावर पाहिलेले असते ती नटमंडळी. पहिल्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला दुसऱ्यांविषयी लिहावयाचे आहे; कारण मी बडोदे जिल्ह्यातील सावली या तालुक्याच्या गावचा, आणि या विषयाचा धडा आमच्या जिल्ह्याने चांगलाच गिरवला आहे.

१९८७-८८ या काळात दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका चालू होती. तीत सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया १९९१ साली बडोद्यातून भारतीय जनता पक्षातर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या. समोर काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड होते. ते १९८० व १९८४ साली येथूनच निवडून आलेले, शिवाय राजघराण्यातले. एका बाजूला गादीचे तेज, दुसऱ्या बाजूला दूरदर्शनचे. दूरदर्शनचे तेज जिंकले.

आता कोणी म्हणेल, लोकांनी सीतेच्या पावित्र्याला मत दिले. तसे असते तर त्याच निवडणुकीत, त्याच पक्षाकडून, गुजरातमधल्याच साबरकांठ्यातून रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी कसे निवडून आले असते? सीताही जिंकते आणि रावणही जिंकतो, याचा अर्थ मतदाराने सद्गुण पाहिला नाही. ओळखीचा चेहरा पाहिला. त्यात या दोघांचा काही अपराध नाही. प्रश्न आपला आहे.

हे वेड आपल्यापुरतेच आहे असेही नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरतो. २००८ च्या या प्राथमिक फेरीत बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन हे एकाच पक्षाचे दोन प्रतिस्पर्धी होते. दूरचित्रवाणीवरील सुप्रसिद्ध निवेदिका ओप्रा विन्फ्री ओबामांच्या सभांना गेल्या. त्यांच्या पाठिंब्याने ओबामांना सुमारे दहा लाख मते जास्त मिळाली, असा अंदाज पुढे दोघा अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. कारण उघड आहे. पक्ष एकच, धोरणांत फरक थोडा. मग एक ‘बदल’ म्हणणार, दुसरा ‘अनुभव’ म्हणणार, आणि मतदार या दोन शब्दांत आपल्याला हवा तो अर्थ भरणार. जिथे मुद्द्यांतला फरक पुसट होतो, तिथे चेहरा मोठा होतो. तरी तिथे पक्षाचा उमेदवार निदान मतदार निवडतात. आपल्याकडे उमेदवारी बंद खोलीत ठरते, आणि वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला एका सकाळी कळते की तिकीट मुंबईच्या पाहुण्याला मिळाले.

मित्रहो, कलावंताने राजकारणात पडूच नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९७७ साली आणीबाणीच्या विरोधात जनता पक्षासाठी सभा घेतल्या, आणि विजयानंतर ते पुन्हा आपल्या लेखनाकडे वळले. कन्नड विभागाच्या वाचकांना डॉ. राजकुमार यांची आठवण करून द्यायला नकोच. गोकाक चळवळीत त्यांनी आपली सारी लोकप्रियता भाषेच्या प्रश्नामागे उभी केली, पण ते स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. दोघांनीही आपले नाव एका विचाराला दिले आणि बदल्यात सत्तेचे पद मागितले नाही. मत असणे वेगळे आणि चेहरा उसना देणे वेगळे.

या उसनवारीला आपला कायदाही हातभार लावतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस ‘स्टार प्रचारकां’ची यादी देता येते, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. अपक्षाला ही सवलत नाही. तरीही २०१२ साली सावलीच्या मतदारांनी केतन इनामदार या अपक्षाला विधानसभेत पाठवले. पुढे ते भाजपचे झाले, हा भाग वेगळा. पण चाळिसांच्या यादीवाचून निवडणूक जिंकता येते, एवढे त्या निकालाने दाखवले.

आणखी एक विसंगती पाहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे एखाद्या नटाने साबणाची दिशाभूल करणारी जाहिरात केली, तर त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विकत घेण्यापूर्वी वस्तू पारखावी तशी, शिफारस करण्यापूर्वी त्यानेही ती पारखावी, अशी अपेक्षा आहे. पण तोच नट एखाद्या उमेदवाराची हमी देऊन दुसऱ्या दिवशी विमानाने परत गेला, तर त्याला विचारणारे कोणी नाही. साबण वाईट निघाला तर महिन्याभरात बदलता येतो. खासदार पाच वर्षे बदलता येत नाही!

म्हणून विचारायचे ते आपणच विचारले पाहिजे. सावलीच्या कारखान्यात दिल्लीच्या मेट्रोचे डबे तयार झाले. मग तिथे तालुक्यातील किती मुलांना कायम नोकरी मिळाली? मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी कुठे जाते? असे प्रश्न प्रत्येक तालुक्याला असतात. व्यासपीठावरच्या पाहुण्याला त्यांतला एक तरी ठाऊक आहे का, ही साधी कसोटी लावावी. ठाऊक असेल तर त्याचे जरूर ऐकावे. नसेल तर टाळ्या वाजवाव्यात, पण मत राखून ठेवावे.

एका मताने काय होते, असे वर्गात नेहमी ऐकू येते. त्याचे उत्तरही बडोद्यानेच दिले आहे. दीपिकाबाईंच्या विजयानंतर पाचच वर्षांनी, १९९६ साली, याच मतदारसंघात काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड निवडून आले, ते अवघ्या सतरा मतांनी. सतरा! वसतिगृहाच्या एका मजल्यावर याहून अधिक मुले राहतात. त्यांनी मतदानाच्या आदल्या रात्री नटाच्या सभेऐवजी उमेदवाराच्या कामाची चर्चा केली, तर त्या चर्चेचे वजन कोणत्याही स्टार प्रचारकापेक्षा कमी भरणार नाही.