कायदा यंत्राचा की माणसाचा?

१/ नवव्या शतकाच्या पूर्वार्धात ल्यों नगरीचा धर्माध्यक्ष अगोबार्ड याने सम्राट लुई याच्याकडे एक गाऱ्हाणे मांडले. त्याचा आशय असा : पाच माणसे एकत्र बसली, तरी त्यांतील एकाचा कायदा दुसऱ्याला लागू होत नाही. रोमन माणसाला रोमन कायदा, बर्गंडीच्या माणसाला बर्गंडीचा, फ्रँकाला फ्रँकांचा. कायदा त्या काळी भूमीचा नव्हता. तो माणसाच्या पाठोपाठ चालत असे.

२/ पुढे राज्यांच्या सीमा पक्क्या झाल्या आणि कायदा मातीला चिकटला. कृत्य जिथे घडले तिथला कायदा, हे सूत्र रूढ झाले. अपवाद उरले ते सत्तेचे. एकोणिसाव्या शतकात शांघायमध्ये राहणाऱ्या इंग्रजावरचा खटला इंग्रजी न्यायासनापुढेच चाले, चिनी न्यायाधीशापुढे नव्हे. कायदा सीमा ओलांडतो तेव्हा तो कोणाच्या बळावर ओलांडतो, हेही विचारावे लागते.

३/ आता आजचे चित्र. पुण्यातील एक विद्यार्थिनी मोबाइलवर परदेशी ॲप उघडते. कंपनी कॅलिफोर्नियातील, तिची उपकंपनी डब्लिनमध्ये, सर्व्हर सिंगापुरात. तिच्या छायाचित्रांवर आणि तिच्या ठावठिकाण्यावर कायदा कोणाचा? प्रश्न नवा वाटतो. पण तो अर्धशतकाहून जुना आहे, आणि त्याची आजवर तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत.

४/ पश्चिम जर्मनीतील हेसन या राज्याने १९७० मध्ये माहिती-संरक्षणाचा जगातील पहिला कायदा केला. राष्ट्रीय पातळीवरचा पहिला कायदा स्वीडनचा, १९७३ चा. संगणक तेव्हा खोलीभर जागा व्यापत, त्यामुळे ‘माहिती कुठे आहे?’ याला साधे उत्तर होते : त्या खोलीत. स्वीडनच्या कायद्याने माहितीच्या नोंदवह्यांना परवाना लावला आणि ती देशाबाहेर नेण्यासही परवानगी आवश्यक केली. जणू जकात नाकेच.

५/ तरीही नाके चुकवून माहिती जातच होती. त्या काळच्या चर्चांत वारंवार येणारे उदाहरण माल्मो शहराच्या अग्निशमन दलाचे आहे. शहरातील इमारतींची माहिती अमेरिकेत, ओहायोतील क्लीव्हलँड येथील संगणकावर ठेवलेली होती. आग स्वीडनमध्ये लागणार आणि जिना कुठे आहे हे ओहायोला विचारायचे! १९८० ची ओईसीडीची मार्गदर्शक तत्त्वे आणि १९८१ चा युरोप परिषदेचा करार याच अस्वस्थतेतून आले.

६/ युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशाने दोन कसोट्या दिल्या : कंपनीचे आस्थापन युरोपात आहे काय, आणि नसल्यास ती युरोपातील ‘साधने’ वापरते काय. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे यंत्रे आणि तारा होत्या. इंटरनेट पसरल्यावर युरोपीय नियंत्रकांच्या कार्यगटाने २००२ मध्ये असा अर्थ लावला, की संकेतस्थळ वापरणाऱ्याच्या संगणकात ‘कुकी’ ठेवते तेव्हा त्याचा संगणक हेच ते साधन. युक्तिवाद चतुर होता, पण ओढूनताणून आणलेला. कायद्याची भाषा जुनी झाली की न्यायविद असेच टाके घालतात.

७/ खरी कसोटी लागली ती स्पेनमध्ये. ‘ला व्हॅन्गार्दिया’ या वृत्तपत्रात १९९८ मध्ये एका नागरिकाच्या थकबाकीपोटी त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची सूचना छापून आली. कर्ज फिटले, वर्षे गेली. पण गूगलवर नाव टाकताच तीच सूचना समोर येई. २०१० मध्ये त्याने स्पेनच्या नियंत्रकाकडे तक्रार केली. गूगलचे म्हणणे असे, की शोधयंत्र चालवते ती कॅलिफोर्नियातील कंपनी; माद्रिदमधील कचेरी फक्त जाहिराती विकते; म्हणून स्पेनचा कायदा लागूच होत नाही.

८/ १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने हा बचाव फेटाळला. शोधाच्या निकालांशेजारीच जाहिराती दिसतात, त्या जाहिरातींवर शोधयंत्र पोसले जाते, आणि त्या विकणारी कचेरी स्पेनमध्ये आहे. मग ही दोन कामे परस्परांपासून अलग कशी मानायची? हा निकाल ‘विसरले जाण्याच्या हक्का’साठी गाजला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचा हा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. सर्व्हर कुठे, हा प्रश्न न्यायालयाने बाजूला सारला आणि पैसा कुठून येतो ते पाहिले.

९/ अमेरिकेत नेमके उलटे नाट्य घडले. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायदंडाधिकाऱ्याने मायक्रोसॉफ्टला एका खात्यातील ईमेल देण्याचा हुकूम केला. ईमेल डब्लिनमधील सर्व्हरवर होते. कंपनी म्हणाली, अमेरिकी हुकूम आयर्लंडमध्ये चालत नाही. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच मार्च २०१८ मध्ये ‘क्लाउड ॲक्ट’ संमत झाला : अमेरिकी अधिकाराखालील कंपनीच्या ताब्यात असलेली माहिती जगात कुठेही असो, रीतसर हुकूम आल्यास ती द्यावी लागेल. खटला निरर्थक ठरून निकाली निघाला.

१०/ म्हणजे उत्तरे झाली ती अशी : यंत्र जिथे तिथला कायदा, किंवा कंपनी ज्या देशाची त्याचा कायदा. दोन्हींचा दोष एकच. सर्व्हर कुठे ठेवायचा आणि कंपनी कुठे नोंदवायची, हे कंपनी ठरवते. ज्याची माहिती आहे त्याला यात विचारलेच जात नाही.

११/ तिसरे उत्तर २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय जीडीपीआरचे. त्याच्या कलम ३ नुसार युरोपात कचेरी नसली तरी कायदा लागू होतो, जर कंपनी तिथल्या लोकांना वस्तू वा सेवा देऊ करत असेल, किंवा तिथल्या त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवत असेल. येथे नागरिकत्वही पाहिले जात नाही; माणूस त्या भूमीवर असणे पुरेसे. अगोबार्डचा कायदा वंशाच्या पाठोपाठ जाई, हा त्या ठिकाणी असलेल्या माणसाच्या पाठोपाठ जातो. तिन्हींत हेच उत्तर न्याय्य आहे. इजा होते ती माणसाला, सर्व्हरला नव्हे.

१२/ आक्षेप अर्थातच आहेत. ब्राझील आणि चीन यांनीही सीमापार जाणारे कायदे केले, तेव्हा एका लहान कंपनीला दहा देशांचे नियम सांभाळावे लागतात. पाच माणसे, पाच कायदे! शिवाय एका देशाने साऱ्या जगाचे शोधयंत्र गाळावे काय? फ्रान्सच्या नियंत्रकाने तसा आग्रह धरला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानेच आवर घातला : दुवे युरोपीय आवृत्त्यांतून काढा, जगभरातून काढण्याची सक्ती युरोपीय कायदा करत नाही. कायद्याने सीमा ओलांडताना असा संयम पाळला, तर शांघायच्या इंग्रजी न्यायासनाची आठवण होण्याचे कारण उरत नाही.

१३/ अधिक गंभीर आक्षेप अंमलबजावणीचा. क्लिअरव्ह्यू एआय ही अमेरिकी कंपनी इंटरनेटवरील छायाचित्रे गोळा करून चेहरे ओळखण्याची यंत्रणा पोलिसांना विकते. युरोपात तिची कचेरी नाही. इटली, ग्रीस आणि फ्रान्स यांनी २०२२ मध्ये तिला प्रत्येकी २ कोटी युरोंचा दंड केला. आदेश पाळल्याचे दिसत नाही म्हणून फ्रान्सने २०२३ मध्ये आणखी ५२ लाख युरो आकारले. २०२४ मध्ये नेदरलँड्सने ३.०५ कोटींचा दंड केला. कंपनीचे म्हणणे, तो कायदा आपल्याला लागूच नाही. उलट डब्लिनमध्ये ठाण मांडलेल्या मेटाला मे २०२३ मध्ये १२० कोटी युरोंचा दंड झाला, तो युरोपीयांची माहिती अमेरिकेत पाठवल्याबद्दल. जिथे कचेरी, तिथे वसुलीची आशा. तरीही कागदावरचा अधिकार व्यर्थ नाही. तो नसता, तर क्लिअरव्ह्यूचे कृत्य त्या देशांत बेकायदा ठरवण्याचा मार्गच उरला नसता.

१४/ आता भारत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ च्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात, २०१९ च्या विधेयकात आणि २०२२ च्या मसुद्यातही भारतीय कायदा परदेशी कंपनीला दोन कारणांनी लागू होत होता : भारतातील लोकांना सेवा देणे, किंवा त्यांचे ‘प्रोफाइलिंग’ करणे. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये पहिले कारण राहिले, दुसरे गळाले.

१५/ फरक एका शब्दाचा, परिणाम मोठा. परदेशी ॲप वापरणारी ती विद्यार्थिनी सुरक्षित कक्षेत आहे, कारण तिला सेवा दिली जाते. पण क्लिअरव्ह्यूसारखी कंपनी तिला काहीच विकत नाही. ती दूर बसून तिचा चेहरा उचलते आणि दुसऱ्याच कोणाला विकते. अशा वेळी कलम ३ चा आधार मिळणे कठीण. शिवाय जी माहिती व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केली, ती या कायद्याने कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे गणेशोत्सवात काढलेले छायाचित्र तिने स्वतः सर्वांसाठी खुले केले, की दोन्ही दारे बंद.

१६/ आणखी एक विसंगती. हिंजवडीतील कंपनी परदेशी ग्राहक-कंपनीशी केलेल्या करारानुसार भारताबाहेरील लोकांची माहिती हाताळते, तेव्हा कलम १७ तिला भारतीय कायद्यातील बहुतेक बंधनांतून सूट देते. सुरक्षिततेची जबाबदारी तेवढी उरते. उद्योगाची सोय म्हणून हे समजण्याजोगे आहे. तरी चित्र पाहावे : हिंजवडीतील संगणकात असलेल्या जर्मन माणसाच्या माहितीमागे करारांच्या वाटेने युरोपीय कायदा येऊन उभा राहतो, आणि त्याच इमारतीतील मराठी कर्मचाऱ्याचा चेहरा परदेशात तपासला गेला, तर त्याच्यामागे कोणताही भारतीय कायदा जात नाही.

१७/ प्रोफाइलिंगचा शब्द वगळण्यामागे कंपन्यांवरचा भार हलका करण्याचा हेतू असेल, तर तो चुकीच्या ठिकाणी हलका झाला. भारतात ग्राहक असलेल्या कंपनीवरील भार तसाच आहे. सुटली ती भारतात ग्राहकच नसलेली, पण भारतीयांची माहिती वापरणारी कंपनी.

१८/ नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि बहुतांश जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कलम ३ मात्र नियमांनी बदलत नाही; त्यासाठी संसदेत दुरुस्ती हवी. तिची शब्दरचना नव्याने शोधण्याचीही गरज नाही. २०२२ च्या मसुद्याच्या चौथ्या कलमात ती तयार आहे.