पास आहे, पण मुंबई?

परीक्षा संपत आल्या की वसई-विरारच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर एकच विषय निघतो, ट्रिप. कुणाला बँकॉक करायचं असतं, कुणाला सिंगापूर, तर कुणाला ‘जमलंच तर’ टोकियो. मग कुणीतरी फोनवर विमानाचं तिकीट बघतं, हॉटेलचं भाडं बघतं आणि चर्चा हळूहळू घसरत अलिबागवर येऊन थांबते. ‘पैसे साठले की बघू.’ पैसे काही साठत नाहीत आणि आशियातलं एखादं मोठं शहर मनसोक्त हिंडायचं स्वप्न पुढच्या वर्षावर जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आशियातलं एक प्रचंड मोठं शहर आपल्या लोकलच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि आपण ते बघितलेलं नाही. युरोपातून पाठीवर सॅक टाकून आलेली आपल्याच वयाची मुलं कुलाब्यात स्वस्तातली खोली शोधतात, नकाशा घेऊन चार-पाच दिवस पायी हिंडतात आणि मुंबई बघितल्याचं समाधान घेऊन जातात. आपल्यातले कितीतरी जण आठवड्यातले सहा दिवस तिथे जाऊन येतात. त्यांना विचारा, काय बघितलंत? दादरचा ब्रिज, अंधेरीची गर्दी, कॉलेजचं गेट आणि एखाद्या मॉलचं फूड कोर्ट. फार तर मरीन ड्राइव्हवर एकदा काढलेला फोटो.

‘मुंबईत मजा करायची तर पैसे लागतात’ हे आपण ऐकून ऐकून खरं मानलंय. हिशेब करून बघा. विरार ते चर्चगेट साध्या लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये, म्हणजे जाऊन-येऊन ३०. चर्चगेटला उतरलं की पाच मिनिटांवर ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दगडी, टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक. दुसऱ्या बाजूला गोलाई घेतलेल्या बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती, म्हणजे १९३०-४० च्या दशकांतली ‘मॉडर्न’ मुंबई. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बघायला तिकीट नाही. बाजूला क्रिकेटच्या दहा मॅच एकाच वेळी चाललेल्या असतात, त्याही फुकट.

तिथून चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि आत जायला एक पैसा लागत नाही. काचेचं दार बघून आपल्याला वाटतं, इथे इंग्रजी बोलणारी माणसंच जात असतील. तसं काही नाही. दार ढकलायचं आणि आत जायचं. चित्र कळलं नाही तर नाही कळलं, पुढच्या चित्राकडे जायचं. समोरच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला २० रुपये. मग हॉर्निमन सर्कलवरून सीएसएमटीपर्यंत चालत जा. स्टेशनची ती इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि आपण तिला कायम घाईत ओलांडतो. तिथून एनसीपीएला जाणारी ११५ नंबरची एसी डबल डेकर पकडायची. वरच्या मजल्यावर पहिली सीट मिळाली तर १२ रुपयांत यापेक्षा भारी राइड नाही. शेवटी मरीन ड्राइव्हवरून सूर्यास्त बघत चर्चगेट.

रेल्वे ३०, गॅलरी २०, बस १२. झाले ६२. वडापाव, चहा, पुन्हा वडापाव धरला तरी दीडशेच्या आत दिवस निघतो. पाण्याची बाटली घरून घ्या. सोमवारी जाऊ नका, बरीच म्युझियम्स बंद असतात. आणि परतताना चर्चगेटलाच बसा, मधल्या स्टेशनला विरार लोकलमध्ये काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या रविवारी गावदेवीचं मणिभवन करा. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की या घरात उतरायचे. तिसऱ्या रविवारी बोरिवलीची मंडपेश्वर लेणी. शिवाचं लेणं, आणि त्याच्या डोक्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाचे अवशेष. वसईचा किल्ला बघून मोठे झालेल्या कुणालाही ते दगड लगेच ओळखीचे वाटतील.

इथे एक वेगळा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तो पैशापेक्षा मोठा आहे. ‘विरारला राहतोस? म्हणजे गुजरातच की!’ हा जोक आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकलाय. नालासोपाऱ्यावरचे मीम्स तर विचारूच नका. हे ऐकता ऐकता आपणही मानून बसलो की मुंबई त्यांची आहे आणि आपण तिथले पाहुणे. तेही कामापुरते. शिकायला जायचं, पुढे नोकरीला जायचं, गर्दीत चेंगरत परत यायचं. शहराची मेहनत आपल्या वाट्याला, मजा दुसऱ्यांच्या.

इतिहास मात्र काही वेगळंच सांगतो. १२ एप्रिल १८६७ रोजी मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुरू झाली ती विरार आणि बॅकबे यांच्यामध्ये. दिवसाला जायला एक, यायला एक. बाकीच्या उपनगरांना आपल्यावर हसताना हे आठवत नाही. त्याच्याही आधी, मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे होती तेव्हा या भागाच्या कारभाराचं मुख्य ठाणं वसईत होतं. १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, वसई पुढे १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिली आणि मग चिमाजी अप्पांनी ती जिंकली. आणि ज्या सोपाऱ्यावर मीम्स बनतात, ते प्राचीन बंदर होतं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्या स्तूपातल्या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. म्हणजे काळ्या घोड्याच्या कोपऱ्यावर, आपण जिथून सेल्फी काढून पुढे जातो तिथे, आपल्या गावाचा दोन हजार वर्षांहून जुना दगड आहे. तिथे तिकीट जरा जास्त आहे, पण कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की विद्यार्थ्यांना सवलत मिळते. नालासोपाऱ्याच्या मुलाने एकदा तरी तो दगड बघावा, आणि मग कुणी हसलं तर हसू द्यावं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बोलायला सोपं आहे. खरं आहे. आपली अडचण दीडशे रुपयांची नसून वेळेची आहे. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. आठवडाभर धक्के खाल्लेल्या माणसाला रविवारी पुन्हा तीच लोकल नको वाटते. ज्यांचं कॉलेज इथेच आहे, वर्तक, विवा किंवा गोन्सालो गार्सिया, त्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच. त्यांना प्रत्येक वेळी तिकीट काढावं लागतं. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. नोकरदाराला त्याचं काही वाटत नसेल, पण मोजून पैसे घेऊन निघालेल्या मुलाला चार वेळा बस बदलताना ते नक्की जाणवतं.

आणि मुलींचं काय? घरून पहिला प्रश्न ‘किती वाजता येणार?’ आणि दुसरा ‘पण काम काय आहे?’ क्लास, प्रोजेक्ट, इंटर्नशिप म्हटलं की परवानगी मिळते. ‘नुसतं हिंडायला’ म्हटलं की नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे २०११ साली आलेलं पुस्तक याच विषयावर आहे. बाईला शहरात काही कारण नसताना रेंगाळता आलं पाहिजे, असं ते मांडतं. वसई-विरारच्या मुलीला तर शहर साठ किलोमीटर लांब. सूर्यास्त बघून निघाली तरी घरी पोचायला साडेनऊ. ‘सातच्या आत घरात’ हा नियम पाळला तर तिच्या वाट्याला संध्याकाळची मुंबई कधी येतच नाही. यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. पण चार मैत्रिणी एकत्र निघाल्या, जाणारी-येणारी गाडी घरी सांगून ठेवली, तर पहिल्यांदा कटकट होते आणि तिसऱ्यांदा आईच विचारते, ‘आज कुठे?’ भावांनीही जरा मध्यस्थी करावी. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कॉलेजांकडूनही एक अपेक्षा आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली हजारो रुपये भरून आपण मनाली-गोवा करतो. ज्यांना ते परवडत नाही, ते ‘तब्येत बरी नाही’ म्हणून घरी बसतात. त्याऐवजी वर्षातून चार शनिवार, शंभर-दीडशे रुपयांत, एक प्राध्यापक आणि चाळीस मुलं एवढं जमवणं अवघड नाही. इतिहासाचे, आर्किटेक्चरचे, बीएमएमचे, कुणाचेही विद्यार्थी चालतील. बस ठरवायला नको, जेवणाचं कंत्राट नको. आणि पैशांमुळे कुणी मागे राहायला नको.

बँकॉकला जरूर जा. नोकरी लागेल, पैसे येतील, तेव्हा जा. पण एखादं मोठं शहर पायी कसं बघायचं, अनोळखी दारातून आत कसं शिरायचं, कमी पैशांत दिवस कसा काढायचा, हे शिकायला तोवर थांबायची गरज नाही. येत्या रविवारी सकाळची गाडी पकडा. फक्त आदल्या रात्री जम्बो ब्लॉक कुठे आहे, तेवढं बघून ठेवा.