बसलं म्हणजे फिट झालं का?

कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकणारे हमखास विचारतात, "सर, मार्जिन कशात जास्त?" माझं मत जरा उलटं आहे. आधी काय विकायचं नाही, ते ठरवा.

सीट कव्हरच घ्या. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या कडेतच असते. त्यावर सरसकट शिवलेलं कव्हर घट्ट चढवलं की दिसतं झकास, पण अपघातात एअरबॅग नीट उघडेल याची खात्री नाही. एकाच गाडीच्या बेस मॉडेलला ती नसते, टॉपला असते. म्हणून व्हेरियंट विचारल्याशिवाय कव्हर काढूच नका.

हेडलाइटचंही तेच. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब आरामात बसतो. पण कंपनीची वायरिंग तेवढ्या करंटची नसते, होल्डर वितळतो. बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. आणि सीटबेल्टचा आवाज बंद करणारी ती क्लिप? काउंटरवर नकोच.

"सर, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल ना!" जाऊ दे की. पण जायच्या आधी त्याला एअरबॅगची जागा मोकळी सोडलेलं कव्हर दाखवा, आणि फरक हात लावून समजावा.