जुन्या कॅमेऱ्याचा कैवार

दिवाळी आली की आपल्याकडे दोन गोष्टींची साफसफाई होते. एक घराची आणि दुसरी खिशाची. माळ्यावरचे जुने खाली उतरते, भंगारवाल्याच्या गाडीवर चढते, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर त्याच्या जागी नवे येऊन बसते. या रीतीशी मला आज भांडायचे आहे. सणासुदीला भांडण काढू नये हे मला कळते. पण एरवी मास्तराचे ऐकायला फुरसत कोणाला असते? फराळाची ताटली हातात असताना माणूस निदान बसून तरी राहतो.

निमित्त माझ्या कॅमेऱ्याचे. गेल्या दिवाळीत माझा पुण्याचा भाचा घरी आला. टेबलावरचा कॅमेरा त्याने दोन बोटांनी उचलला आणि म्हणाला, "मामा, हा कुठल्या वस्तुसंग्रहालयातून आणलात?" कॅमेरा निकॉनचा, डी ९०. कंपनीने तो २००८ साली बाजारात आणला, तेव्हा हे चिरंजीव बालवाडीत होते. मी तो दुसऱ्या हाताने घेतला आहे, आणि त्यासाठी लेन्ससकट १४,००० रुपये मोजले. भाच्याच्या खिशातला फोन याच्या कितीतरी पट किमतीचा, आणि त्याचे हप्ते अजून चालू! तरी हसण्याचा अधिकार त्याचा आणि ओशाळण्याचे काम माझे, असाच एकंदर देखावा होता.

मी त्या वेळी हसण्यावारी नेले. रात्री मात्र मला राग आला. भाच्याचा नव्हे, माझा स्वतःचाच. कारण हेच वाक्य, जरा निराळ्या शब्दांत, मीही एकदा एका मुलाला ऐकवले होते.

तो माझा विद्यार्थी. नाव सांगत नाही. वडिलांचे आमच्या तालुक्याच्या गावी सायकली आणि स्कूटर दुरुस्त करण्याचे दुकान. मुलाची नजर चांगली होती. चित्रकलेच्या तासाला तो वस्तूपेक्षा तिची सावली आधी काढायचा. २०१९ साली, दसऱ्याच्या सुमारास, तो माझ्याकडे आला. लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा करायचा होता. जुना कॅमेरा घेऊ की नवा, एवढेच त्याला विचारायचे होते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. चार कादंबऱ्या छापून आल्यामुळे गावात मला सर्वज्ञ समजतात, आणि खोटे कशाला बोलू, मीही कधी कधी समजतो. मी म्हणालो, "घ्यायचा तर नवाच घे. दुसऱ्याचे दुखणे विकत घेऊ नये."

त्याने नवा घेतला. सगळे मिळून ९०,००० रुपये, हप्त्यांवर. त्या हिवाळ्यात चार-पाच कामे मिळाली. मग २०२० सालचा मार्च उजाडला आणि लग्नेच बंद झाली. हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली. पण व्याजाला टाळेबंदी नव्हती. वर्ष पुरे होण्याआधीच तो कॅमेरा निम्म्याहून कमी किमतीत गेला. त्या दिवाळीत तो आईने दिलेला चकल्यांचा डबा घेऊन आला. बरोबर वडील होते. ते दारातच म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतला." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला आजवर पचलेले नाही.

कोणी म्हणेल, साथीला कॅमेरा काय करणार? साथ सगळ्यांवर आली, हे खरेच. पण ज्याच्या डोक्यावर देणे नव्हते, त्याने आपला कॅमेरा कपाटात ठेवला आणि दिवस फिरायची वाट पाहिली. हप्तेकऱ्याला वाट पाहण्याची सोय नसते. जुने आणि नवे यांच्यातला पहिला फरक मला येथे दिसला. चित्रांतला फरक पुढचा.

आता नव्याच्या भक्तांचे म्हणणे एकेक करून पाहू.

पहिले म्हणणे मेगापिक्सेलचे. जुन्यात बाराच, नव्यात चोवीस आणि पंचेचाळीस! माझ्या कॅमेऱ्याचे चित्र ४२८८ ठिपके रुंद आणि २८४८ ठिपके उंच असते. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. भागाकार तिसरीतल्या मुलाकडून करून घ्या. १४ इंच लांब आणि ९ इंचांहून अधिक रुंद असे चित्र निघते. तुमच्या घरात याहून मोठा फोटो किती भिंतींवर आहे? बहुतेकांचे फोटो तळहाताएवढ्या पडद्यापलीकडे जातच नाहीत. विहीर तुडुंब भरली आहे आणि आपल्या हातात तांब्या आहे. मग विहीर आणखी खोल खणायला कर्ज कशाला काढायचे?

दुसरे म्हणणे, फोन असताना कॅमेरा हवाच कशाला? हे म्हणणे मी हसून टाळणार नाही, कारण फोन खरोखरच चांगले फोटो काढतो. पण काढतो तो फोन! एका दाबात तो अनेक चित्रे टिपतो, त्यांची बेरीज करतो, काळोख उजळतो, आणि तुम्हांला तयार गणित देतो. पालकांनी सोडवलेला गृहपाठ मी तीस कदमांवरून ओळखतो; सगळी उत्तरे बरोबर असतात आणि मुलाला काही येत नसते. जुन्या कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि नजर कशावर रोखायची, हे तुम्हांला ठरवता येते. चुकलात तर चूक तुमची आणि साधले तर चित्रही तुमचे. शिवाय त्याचा सेन्सर बहुतेक फोनांच्या सेन्सरहून कितीतरी मोठा असतो. मोठ्या परातीत पाऊस अधिक साठतो, यात जादू कसली?

तिसरे म्हणणे, जुने फसवते. हे म्हणणे निम्मे खरे आहे. मीही फसता फसता वाचलो. मुंबईत फोर्टमधल्या बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, हे ऐकून मी गेलो होतो. एका दुकानात मला पहिला कॅमेरा दाखवला, तो वरून नव्या नवरीसारखा झळकत होता. मी खिशातली विजेरी काढली आणि लेन्समधून आरपार प्रकाश टाकला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू! ती बुरशी. आम्ही कोकणातली माणसे. बुरशी आम्हांला पापडावर कळते, चपलेवर कळते, मग काचेवर का कळू नये? मी नमस्कार करून उठलो. दुकानदाराने मात्र "पुसली की जाते" हे वाक्य तीनदा म्हटले.

म्हणून सांगतो, जुना घेताना डोळे उघडे ठेवावेत. शटर हा या यंत्राचा झिजणारा अवयव. डी ९० चे शटर एक लाख वेळा उडेल, अशा बेताने तपासलेले असते. निकॉनच्या फोटोबरोबर ते आजवर किती वेळा उडाले हा आकडा फाइलमध्येच लिहिला जातो. एक फोटो काढावा, संगणकावर उघडून आकडा वाचावा. माझ्या कॅमेऱ्याचा आकडा ३८,००० निघाला. कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो असा सहज सापडत नाही. तेथे वापराच्या खुणा पाहाव्यात, आणि बोलण्यापेक्षा रबराची झीज अधिक मानावी. मग लेन्सचे छिद्र एफ १६ इतके लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने आपण होऊन कबुली देते. कार्ड घालून, काढून, पुन्हा घालून पाहावे. प्रत्येक बटण दाबावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. २००६ सालच्या डी ४० सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांत लेन्स फिरवणारी मोटर नसते. जुनी ५० मिलिमीटरची एएफ लेन्स त्यावर बसते, पण नजर हाताने जुळवावी लागते. डी ९० मध्ये ती मोटर आहे, म्हणून तीच जुनी लेन्स आपोआप चालते. हजार-दोन हजार रुपये वाचवायला जाऊन पुढे प्रत्येक लेन्स महाग घ्यावी लागली, असे होऊ नये.

घरी आणल्यावर माझा खर्च संपला नाही, हेही सांगायला हवे. बॅटरी थकलेली होती. ती नवी घ्यावी लागली. आमच्या पावसासाठी हवाबंद डबा आणि ओल पिणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. जुन्याचा कैवार घेणाऱ्याने हिशेब लपवला, तर त्याच्यात आणि नव्याच्या जाहिरातदारात फरक तो काय राहिला?

नव्याला जे द्यायचे तेही देऊन टाकतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर दिवे मंद झाले की माझा कॅमेरा धापा टाकतो. चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. चलच्चित्र घेणारा हा पहिला डिजिटल एसएलआर, हा त्याचा मान. पण त्या कामात तो आज कुचकामी आहे. ज्याचे पोट अंधाऱ्या मांडवातल्या लग्नांवर चालते, त्याला कधी ना कधी याहून चांगले यंत्र लागेल. पण ते पहिल्या दिवशी लागत नाही. कमाईतून घ्यावे; कमाईच्या आशेवर घेऊ नये. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ साली आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची नवी घराणी सुरू केली आणि हौशी लोक तिकडे धावले. त्यांनी टाकलेली उत्तम यंत्रे बाजारात आली आहेत. श्रीमंतांच्या चंचलपणाचा एवढा तरी फायदा गरिबांनी घ्यावा की नाही?

राहिले शेवटचे म्हणणे, जे कोणी तोंडाने म्हणत नाही: जुने वापरणे कमीपणाचे. या देशात पिढ्यान्‌पिढ्या मुले दुसऱ्याची जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेऊन शिकली. मीही शिकलो. पायथागोरसच्या सिद्धांताखाली कोणा अनोळखी मुलाने पेन्सिलीने रेघ मारलेली असे. त्यामुळे सिद्धांत खोटा ठरला नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर काम केले आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. यंत्र कोणते म्हणून ते अडून बसले असते, तर?

आणि आपल्या सणांनी तरी नव्याचीच पूजा कुठे सांगितली आहे? खंडेनवमीला सुतार आपला रंधा आणि पटाशी पुसून मांडतो. मूठ घामाने काळी पडलेली असते. पाते घासून निम्मे झालेले असते. हळदकुंकू त्याला वाहतात. ज्याने काम केले त्या हत्याराचा हा सण. दुकानातल्या बंद खोक्याने अजून काय केले आहे, म्हणून त्याला ओवाळावे?

यंदा खंडेनवमीला मी माझा कॅमेरा पाटावर ठेवला. तो मुलगा आला होता. अलीकडे दर रविवारी तो हा कॅमेरा नेतो, आणि बारशांचे व साठीशांतीचे फोटो काढतो. दुकानात वाकून चाकाचे आरे सरळ करणाऱ्या वडिलांचा त्याने काढलेला फोटो मी बारा बाय आठ इंचांवर छापून घेतला. कपाळावरच्या घामाचा थेंब मोजता येतो. स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी त्याने ११,००० रुपये जमवले आहेत. पाडव्यानंतर आम्ही दोघे बोराबाजारात जाणार आहोत, विजेरी घेऊन.

हे ऐकल्यावर त्याच्या वडिलांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि विचारले, "सर, हेही तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो," मी म्हणालो. "पण या वेळी हप्ता नाही."