मोकळ्या टेकड्यांची राजधानी

या महिन्याच्या सफरीत आम्ही वाचकांना ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत घेऊन जात आहोत. राजधानीचा मान सिडनीला की मेलबर्नला, हा तंटा मिटवायला दोन्हींच्या मध्ये, मेंढ्यांच्या कुरणांवर नवे शहर वसवायचे ठरले. १९१३ साली त्याला कॅनबेरा हे नाव मिळाले. सिडनीहून मोटारीने ते तीन तासांवर आहे.

आधी माउंट एन्स्लीवर चढावे. तिथून रुंद रस्ता, तळे, जुने संसद भवन आणि त्यामागचे नवे, सारे एका रेषेत दिसते. भोवतीच्या टेकड्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत, म्हणून कांगारू वस्तीच्या कडेला चरायला येतात. संध्याकाळी गाडी बेताने चालवावी. एप्रिलमध्ये पानगळीचे रंग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुले. जुलैत थंडी कडाक्याची. रानाच्या शेजाराची किंमतही शहराने मोजली आहे. जानेवारी २००३ च्या वणव्यात चार माणसे दगावली, सुमारे पाचशे घरे जळाली.

शहराचा आराखडा वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांचा, त्याची सुरेख चित्रे पत्नी मॅरियन यांची. अधिकाऱ्यांशी पटेना, म्हणून ग्रिफिन यांनी १९२० साली काम सोडले. पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करायला ते आपल्या लखनौला आले आणि १९३७ साली तिथेच वारले. त्यांची कबरही तिथेच आहे. त्यांनी आखलेले तळे १९६४ साली भरले. आज त्याला त्यांचेच नाव आहे.

त्या तळ्याकाठी मुलांना फिरवताना हे जरूर सांगावे: ज्याने ते कागदावर आखले, त्याला ते पाहायला मिळाले नाही. सावली मात्र सगळ्यांना मिळाली.